पुण्याच्या बसमार्गांच्या पानावरचा मेनू मोबाइलवर अडखळत का सरकतो?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर मेनू छान सरकतो, पण स्वस्त अँड्रॉइड फोनवर झटके देतो, आणि कोडमध्ये ‘लेफ्ट’ची, म्हणजे मेनू डावीकडून किती अंतरावर असेल त्याची, किंमत बदलता आहात. माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला (हलत्या दृश्यातल्या एका चित्राला) साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ‘लेफ्ट’ किंवा ‘विड्थ’ (रुंदी) बदललं की ब्राउझर दर फ्रेमला मांडणी पुन्हा मोजतो आणि बहुतेकदा पुन्हा रंगवतोही. शिवाय हे सगळं जावास्क्रिप्ट चालते त्याच मेन थ्रेडवर, म्हणजे ब्राउझरच्या मुख्य कामांच्या रांगेत. त्याऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’मधलं ‘ट्रान्सलेटएक्स’ (आडवं सरकवणं) वापरा. सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मधल्या ट्रान्झिशनने, म्हणजे हळूहळू होणाऱ्या बदलाने, केलंत तर ते काम सहसा कंपोझिटरकडे, म्हणजे तयार थर एकत्र जुळवणाऱ्या वेगळ्या भागाकडे, जातं आणि मेन थ्रेड अडकला तरी मेनू सरकत राहतो. ‘ओपॅसिटी’चंही (अपारदर्शकतेचंही) तसंच.

तरीही अडखळलं तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) परफॉर्मन्स टॅब उघडा, स्वस्त फोनसारखं व्हावं म्हणून सीपीयू चारपट मंद करा आणि मेनू उघडताना रेकॉर्ड करा. जांभळे पट्टे म्हणजे मांडणी, हिरवे म्हणजे रंगवणं, पिवळे म्हणजे जावास्क्रिप्ट. लूपमध्ये स्टाइल बदलून लगेच ‘ऑफसेटविड्थ’ (घटकाची मोजलेली रुंदी) वाचत असाल तर दर वेळी मांडणी पुन्हा मोजावी लागते आणि जांभळं भरपूर दिसेल. आधी सगळी मापं वाचून घ्या, मग स्टाइल बदला. मोठी सावली आणि ब्लरही महागात पडतात. ‘विल-चेंज’ (हा घटक बदलणार आहे अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) मात्र सरसकट लावू नका, मेमरी खातं.

आणि कृपया खऱ्या फोनवर तपासा. स्वारगेटला बसची वाट पाहणाऱ्याच्या हातात तुमचा लॅपटॉप नसतो, आणि हे पान त्याच्यासाठीच आहे.