मांड्या घासत असतील तर
मे महिन्यात खारघरची टेकडी चढायचीच असेल तर ऊन तापायच्या आत निघ, आणि जीन्स घरीच ठेव. सुती कपडासुद्धा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि तोच मांड्यांना काचतो. आतून घट्ट सायकलिंग शॉर्ट्स घाल. निघताना जांघेत, काखेत, सॅकचे पट्टे बसतात तिथे व्हॅसलिन लाव. दोनेक तासांनी पुन्हा. पावडरचे घामात गोळे होतात, मला ती पटत नाही. वाळलेल्या घामाचं मीठही कातडी सोलतं, म्हणून मध्येच ओल्या रुमालाने पुसून कोरडं कर. घरी आल्यावर गार पाणी आणि सैल लुंगी, बस्स. मात्र कडा लाल असलेला, खाजणारा गोल चट्टा उठला तर ते बहुधा गजकर्ण. केमिस्टकडून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणू नकोस, खाज थांबते पण गजकर्ण पसरतं. सरळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.