रसाळगड, सुमारगड, महीपतगड: चिखलाच्या दिवसांत मुक्काम कोठे करावा आणि चालावे केव्हा

चौदा जणांचा गट, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, शनिवारी रात्री दहा वाजता रत्नागिरी जिल्ह्यातील खेडजवळच्या रसाळवाडीतून निघून पहाटेपर्यंत सुमारगड आणि दुपारी महीपतगड, असा बेत आपण मला कळवला आहे. रात्री चालल्यास उन्हाचा त्रास वाचेल, हे त्यामागचे कारण. या वाटेने मी तीन वेळा गेलो असून त्यांतील दोन खेपा पावसाळा सरतानाच्या होत्या, म्हणून स्पष्टच सांगतो: रात्रीची चाल रद्द करावी. शनिवारी उजेड असताना रसाळगडावर चढून तेथेच मुक्काम करावा आणि रविवारी सकाळी साडेसहाला पुढची वाट धरावी.

रसाळगडाची चढण लहान आहे. वर झोलाई देवीचे मंदिर आहे, पाणी आहे आणि आजूबाजूला जुन्या तोफा पडलेल्या आहेत. मंदिरात झोपायचे असल्यास वाडीत आधी विचारावे, चूल बाहेर मांडावी आणि रात्री गोंगाट करू नये. एवढे पाळले की वाडीतील माणसे मनापासून मदत करतात.

खरी परीक्षा रसाळगड उतरून सुमारगडाकडे जाणाऱ्या आडव्या वाटेवर होते. उन्हाची चिंता आपण करू नये, कारण या टप्प्यावर बहुतेक रान दाट आहे आणि त्याच सावलीमुळे वाट कित्येक दिवस वाळत नाही. येथे चिखलही एका जातीचा नसतो. कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो ओळखता येतो आणि माणूस आपोआप जपून पाऊल टाकतो. लाल मातीचा चिखल मात्र बुटाच्या तळाला लाडवासारखा चिकटत जातो, खाचा भरून येतात आणि दहा पावलांनंतर महागडा बूट गुळगुळीत पाटासारखा घसरू लागतो. काठीने किंवा दगडाच्या कडेवर घासून तो वरचेवर काढावा लागतो. तोल गेला की हात सहज बाजूच्या कारवीकडे जातो. पण भिजलेल्या मातीतून तिचे बूड अलगद सुटते आणि मूठभर काड्या घेऊन माणूस खाली बसतो. आधार घ्यायचाच तर झाडाच्या बुंध्याचा घ्यावा, तोही आधी हलवून पाहून.

गट मोठा असला की आणखी एक गोष्ट घडते, जी पुढे चालणाऱ्याला कधीच कळत नाही. पहिल्या चार जणांना वाट बरी लागते, त्यांच्या पायांनी ती तुडवली जाते आणि बाराव्या माणसाच्या वाट्याला निव्वळ राबडी येते. म्हणून शेवटी नवखा माणूस कधीही ठेवू नये. सात-सात जणांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीबरोबर वाडीतील एक वाटाड्या घ्यावा. पावसाळ्यानंतर गवत कंबरेइतके वाढून वाट झाकते, ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा रुंद दिसतात आणि विजेरीच्या उजेडात तर दोहोंत काहीच फरक उरत नाही. कोयती घेऊन पुढे चालणारा माणूस येथे चैन नव्हे. त्याची मजुरी आदल्या दिवशीच ठरवून घ्यावी.

आम्हाला कोरड्या दिवसांत सुमारगडाच्या पायथ्याशी पोहोचण्यास चार तास लागले होते, चिखलात सहा लागले. त्यामुळे साडेबारापर्यंत तेथे न पोहोचल्यास महीपतगडाचा हट्ट सोडून वाटाड्या सांगेल त्या जवळच्या वाडीत उतरावे. वेळेत पोहोचलात आणि कातळ ओला असला, तर सुमारगडाचा माथा वगळावा. वरचा टप्पा उभ्या कातळाचा आहे आणि चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. महीपतगडाचा माथा प्रशस्त असून पारेश्वराचे मंदिर आहे. मात्र अंधारापूर्वी खाली वाडी बेलदार या गावी पोहोचणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बुटांविषयी एक सूचना. माझ्या सोबत्याने कपाटात चार वर्षे पडून असलेले चांगल्या प्रतीचे बूट काढले आणि दुसऱ्या तासाला एका बुटाचा तळ चिखलातच राहिला. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा तळ न वापरताही हवेतील ओलाव्याने आतून कुजतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. सुतळीने बांधलेल्या बुटावर त्याने उरलेली वाट काढली. आपल्या गटातील प्रत्येकाने आपले बूट आठवडाभर आधी रोज घालून फिरावे आणि एकाने तरी सुतळीचे बंडल जवळ ठेवावे.

या भागात फुरसे आढळते. ते लहान असते, दगडांच्या सांदीत बसते आणि रात्री बाहेर पडते. रात्री न चालण्याचे हेही एक कारण. दंश झाल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये, त्या माणसाला चालवू नये; काठ्या आणि चादर यांची डोली करून खाली आणावे आणि रेंज मिळताच 108 वर कळवावे. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

आदल्या दोन दिवसांत मुसळधार पाऊस झाला असल्यास बेत पुढे ढकलावा. जुलै 2021 मध्ये याच खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळली होती, त्यामुळे वाडीतील माणसे ‘आज नको’ म्हणाली तर वाद घालू नये.

उतरल्यावर आपण भातखाचरांच्या बांधांवरून आणि साचलेल्या पाण्यातून चालाल. पायांवर ओरखडे किंवा जळवांच्या चाव्यांच्या जखमा असतील, तर त्या लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवाव्यात, कारण उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार कोकणात याच मार्गाने शिरतो. दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर तो चढणीचा शीण समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जावे आणि आपण चिखलातून चाललो होतो, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.