झोपाळ्याची फळी आणि बाळाचं कपाळ

प्रश्न : ताई, आमची मुलगी 14 महिन्यांची आहे. परवा सासरे झोपाळ्यावर बसले होते, ही दुडुदुडु धावत गेली आणि फळीची कड कपाळावर बसली. लगेच रडली, पण सुपारीएवढं टेंगूळ आलं. सासूबाई म्हणाल्या, "झोपू देऊ नकोस." मी रात्री दीडपर्यंत तिला जागं ठेवलं. बरोबर केलं का? स्कॅन करावा का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : जागं ठेवायची गरज नव्हती. रडून दमलेलं मूल झोपणारच, झोपू द्यावं. पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी हळूच हलवून पाहायचं: कुरकुरते का, कूस बदलते का, तुमचा हात ढकलते का. तेवढं पुरे. उठवूनही उठत नसेल तर मात्र तडक दवाखाना.

लगेच रडली, हे चांगलं. टेंगूळ कपाळावर आलं, हेही त्यातल्या त्यात बरं. दोन वर्षांखालच्या मुलाला कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे मऊ, लिबलिबीत सूज आली, तर मूल खेळत असलं तरी मला धास्ती वाटते. खाली हाडाला चीर असू शकते. पुन्हा पुन्हा उलट्या, शुद्ध हरपणं, झटका, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यातली एक बाहुली मोठी, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. स्कॅन सरसकट लागत नाही, कोवळ्या मेंदूला विनाकारण क्ष-किरण नकोत. डॉक्टर तपासतात, गरज वाटली तर काही तास नजरेखाली ठेवतात आणि मग ठरवतात.

टेंगळावर रुमालात गुंडाळलेला बर्फ धरा. चोळू नका.

आता झोपाळा. सासऱ्यांना बोल लावू नका, त्यांना ती दिसलीच नसणार. रावपुऱ्यात आमच्याही घरी सागवानी झोपाळा होता. धाकट्या भावाच्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. एकदा जमिनीवर बसून पाहा. रांगणाऱ्या मुलाचं डोकं बरोबर फळीच्या रेषेत येतं, आणि चालणाऱ्याच्या कपाळाशी पुढे गेलेली फळी वर उचलली जाते, माणसाचं सगळं वजन घेऊन. म्हणून मूल जमिनीवर असेल तेव्हा झोका बंद. रिकामी फळी कड्यांतून काढून भिंतीशी आडवी ठेवा, नाहीतर मूलच ती ढकलतं आणि परत येणारी फळी अंगावर घेतं.

आणि उत्तरायणाला गच्चीवर तिला कडेवर घेऊ नका. पतंगाकडे बघत माणसं मागे मागे सरकतात. त्या दिवशी कुणीतरी एकजण खाली तिच्याजवळ राहा.