क्राउडला जा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि आधी रागच आला. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, हिंदी डबिंगला क्राउडसाठी, म्हणजे गर्दीच्या आवाजांसाठी, बोलावलं, बाजाराच्या सीनमध्ये चार जणांत ओरडायचं होतं, आणि तू गेली नाहीस. का, तर तुझा आवाज 'हिरोइनचा' आहे! वर विचारतेस, नर्सिंग सोडू का? सोडू नकोस. आणि क्राउडला जा.

तुझी ती लाडकी रेई, 'इव्हँजेलियन' या ॲनिमेतली. तिचा मूळ जपानी आवाज मेगुमी हायाशिबारांचा, आणि त्या शिकलेल्या नर्स आहेत. 1986 साली किरकोळ आवाजांपासून सुरुवात केली. 1995 मध्ये इकडे 'स्लेयर्स'मधली आकांडतांडव करणारी लीना, तिकडे 'इव्हँजेलियन'मधली जेमतेम तोंड उघडणारी रेई. शिवाय त्याच मालिकेतला पेंग्विनही त्याच! पेंग्विनला डायलॉग नसतात गं. तिथल्याच दुसऱ्या आवाजाच्या कलाकार मासाको नोझावाबाई, जन्म 1936 चा. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज त्यांचा, त्याची दोन्ही पोरंही त्यांचीच. 1968 मध्ये भुताखेतांच्या मालिकेत त्या किटारो नावाचा पोरगा होत्या. 2018 च्या मालिकेत त्याच किटारोचा बाप, म्हणजे तो हातपाय फुटलेला डोळा, झाल्या. आणि तू म्हणे फक्त हिरोइन.

जपानात अगदी नवख्याला अर्ध्या तासाच्या भागाचे 15,000 येन, वाक्य एक असो की पन्नास. माइक मोजके, माणसं जास्त. एकाचं वाक्य संपलं की तो मागे सरकतो, दुसरा पुढे येतो, पान उलटल्याचा आवाजसुद्धा होता कामा नये. आपल्याकडे आता जो तो बूथमध्ये एकटा. दुसऱ्याच्या श्वासावर आपला श्वास घ्यायला शिकायचं कुठे? क्राउडमध्येच. मी तिथेच शिकले. एक सीनियर बाई कॅरेक्टरचे ओठ मिटता मिटता एवढासा 'हं' टाकायच्या आणि वाक्य बरोब्बर बसायचं. मागे उभं राहून तेवढंच बघत असायचे.

मी म्हणे आवाज स्वस्त केला. 'मराठीसाठी दोन दाबा' केलं, खतांच्या जाहिराती केल्या, सासवांचे हुंदके दिले. नावं ठेवणारे अजून ठेवतात. ठेवू देत. 'दोन दाबा'ने मला तासभर एकाच पट्टीत बोलायला शिकवलं, आणि मुलाची फीही त्यातूनच गेली. मला त्यात कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. सल एकच, गाणं शिकायचं राहून गेलं. हायाशिबारा 'स्लेयर्स'ची गाणीही गायल्या, तेव्हा फार जळले होते मी.

तुझा आवाज चांगला आहे, म्हणून तर एवढं बोलतेय. नाहीतर 'ऑल द बेस्ट' लिहून मोकळी झाले असते.

शनिवारी अंधेरीला क्राउड आहे, तुझं नाव दिलंय. कॉलेजची ड्युटी बदलून घे. बांगड्या घालू नकोस, ती सळसळणारी ओढणी तर नकोच. आणि जेवून ये. रिकामं पोट गुरगुरलं की माइक आधी तेच पकडतो.

तुझी,
ताई