कानशील ठणकतं? जबड्याकडे बघा

प्रश्न : वय ३४, कॉम्प्युटरवर बसून काम. सकाळी उठते तीच दोन्ही कानशिलं ठणकत, अकरापर्यंत उतरतं. घरचे म्हणतात, झोपेत दात खातेस. डोळे, सायनस तपासून झालं. आता चावा जुळवण्यासाठी दाढा घासून घ्यायला सुचवलंय. घासू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. घासलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही आणि डोकेदुखीसाठी दाढा घासून उपयोग होतो, याला भक्कम आधार नाही. वाकड्या दातांची कितीतरी माणसं डोकेदुखीशिवाय जगतात. इथे संशय दातांपेक्षा स्नायूंवर.

कानशिलांवर दोन-दोन बोटं ठेवून दाढा आवळा. बोटांखाली फुगतो तो टेम्पोरॅलिस. डोक्याच्या कडेला पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू खाली जबड्याला बांधलेला असतो. रात्रभर दात आवळले की सकाळी तो दुखणारच. तो किंवा गालातला मॅसेटर दाबल्यावर नेमकी तुमची ‘नेहमीची’ डोकेदुखी जागी झाली, तर जबड्याचा संबंध असण्याची शक्यता बरीच. आपलीच मधली तीन बोटं उभी रचून पुढच्या दातांत घालून बघा. साधारण ४० मिमी तोंड उघडायला हवं. सुपारी-गुटख्याची सवय असून तोंड कमी उघडत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय. आधी डेंटिस्टला दाखवा.

उपाय दिवसा सुरू होतो. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायचं कारणच नाही. ‘न’ म्हणा आणि जीभ टेकली तिथेच राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे. मॉनिटरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवा. नजर गेली की दात सोडायचे. काम करताना आपण किती आवळतो ते पहिल्याच दिवशी कळतं.

दिवसातून दोनदा १५ मिनिटं कोमट ओल्या फडक्याचा शेक, मग बोटांनी गोल मालिश. दोन-तीन आठवडे चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. भाकरी आमटीत कुस्करून. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

एवढ्यानं भागलं नाही तर झोपताना दातांवर बसवायची प्लेट. ती मापाची, कडक अॅक्रिलिकची आणि एका जबड्याचे सगळे दात झाकणारी हवी. दुकानातल्या मऊ प्लेटवर काहीजण उलट जास्तच चावतात. फक्त पुढचे दात झाकणारी बरेच दिवस वापरली तर चावाच बदलू शकतो. प्लेटनं दात वाचतात. आवळणं थांबेलच असं नाही. म्हणून टिकली काढू नका.

घोरत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्याही. दोन्हींचा दात खाण्याशी संबंध असू शकतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं.

प्रश्न : दाढ भरून चार दिवस झाले. चावताना तीच आधी टेकते, त्या बाजूचं कानशीलही दुखतं.

उत्तर : इथे मात्र दोष चाव्याचाच वाटतो. बधिर तोंडानं माणूस नीट चावत नाही, त्यामुळे भरलेला भाग उंच राहून जातो. परत जा. रंगीत कागद चावायला देतात. गडद ठिपका उमटतो तिथलं सिमेंट थोडं उतरवायचं, दोन मिनिटांचं काम. रात्री आपोआप ठणकत असेल तर नस तपासून घ्या.

प्रश्न : आईचं वय ६७. घास चावता चावता जबडा दमतो, कानशील दुखतं, केस विंचरताना टाळू हुळहुळते. प्लेट करावी का?

उत्तर : प्लेट नाही, आजच फिजिशियन. कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते. नजर कायमची जाण्याचा धोका असतो. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या लगेच करतात आणि संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील तर थेट इस्पितळात न्या.