वाचक विचारतात : बॅग भरताना काय ठेवू, काय काढू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मिस्टर जर्मनीत स्टुटगार्टला जॉइन झालेत, मी आणि चार वर्षांची लेक पुढच्या महिन्यात निघतोय. 23 किलोच्या दोनच बॅगा मिळणार. सासूबाईंनी हॉलमध्ये ढीग मांडलाय, साजूक तूप, मिक्सर, खोबऱ्याच्या वाट्या, तुळशीचं रोप आणि घरातली शंभरेक वर्षांची हस्तलिखित पोथी. नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं आणि हो म्हटलं तर कपडे कुठे कोंबू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगं, यातल्या निम्म्या गोष्टींना तू नाही म्हणायची गरजच नाही, कायदाच म्हणतोय, त्यामुळे वाईटपणा त्याच्यावर ढकल. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काहीही बाहेरून युरोपियन युनियनमध्ये सामानातून न्यायला बंदी आहे. तिथलं बिनमिठाचं बटर आणून कढवलं की फक्कड तूप होतं, सासूबाईंनाच व्हिडिओ कॉलवर कृती विचार, त्याही खूश. तुळशीचं रोप मातीसकट न्यायचं तर विसरच, आणि ताजा कढीपत्तासुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. खोबऱ्याच्या वाट्यांना 2022 पासून आपल्याच विमानतळांवर चेक-इन बॅगेत बंदी आहे, कारण तेलकट सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. किसलेलं खोबरं तिथे कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं.

पोथीचं मात्र नीट ऐक. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 75 वर्षांहून जुनं, काही मोल असलेलं हस्तलिखित खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आता तुमच्या पोथीला ऐतिहासिक मोल आहे की नाही हा वाद रात्री दोन वाजता, कडेवर झोपलेलं पोर घेऊन कस्टमवाल्याशी घालायचाय का? पानापानाचे फोटो काढ, पोथी घरी राहू दे. देव न्यायचे तर बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा हातातल्या बॅगेत आरामात मावतात.

मिक्सर ने, हे मी सासूबाईंच्या बाजूने बोलतेय. जर्मनीत वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, फक्त पिना वेगळ्या, त्यामुळे अर्थिंगवाला चांगला अ‍ॅडॉप्टर घेतला की काम झालं. तिथल्या ब्लेंडरवर स्मूदी होते, भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचं वाटण नाही होत. भांड्यांच्या पोटात मोजे भरायचे म्हणजे जागा वाया जात नाही. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे वाचून मिक्सर उचलू नये हं, तिथे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड पडतो.)

बाकी भांडी घ्यायच्या आधी मिस्टरांना एकच विचार, भाड्याच्या घरात किचन आहे का आणि शेगडी कुठली? हसू नकोस, तिथे बरीच घरं ओट्या-सिंकशिवाय, अगदी दिव्यांशिवायही भाड्याने देतात. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, बुडाला चुंबक चिकटतोय का बघ. गोल बुडाची कढई तर कुठल्याच सपाट काचेवर नीट बसत नाही. कुकर नेलास तर दोन जादा गॅस्केट आणि एक शिट्टी नक्की टाक, आपल्या मापाचं गॅस्केट तिथे शोधत फिरणं म्हणजे वैताग.

लोक तूरडाळ आणि पोहे भरभरून नेतात, जे स्टुटगार्टच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, आणि चष्मा एकच नेतात. मोठ्या माणसांच्या चष्म्याचे पैसे तिथला सरकारी इन्शुरन्स सहसा देत नाही, त्यामुळे दोन जास्तीचे इथूनच करून घे, दाताचं कामही उरकून टाक. मेतकूट, भाजणी, आमसुलं, गोडा मसाला याला मात्र जागा दे. अंथरुणात एक सोलापुरी चादर, बस्स, आपली बेडशीटं तिथल्या गाद्यांच्या मापाची नसतात.

आणि लेकीचं लसीकरण कार्ड कपड्यांच्या बॅगेत नको, पर्समध्ये ठेव! मार्च 2020 पासून जर्मनीत पाळणाघर किंवा शाळेत घालताना गोवरच्या लसीचा पुरावा लागतोच, दोन वर्षांवरच्या मुलांना दोन डोसचा. कार्डावर डोसची तारीख किंवा शिक्का राहिला असेल तर डॉक्टरांकडून आत्ताच घे. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, सगळे मूळ कागदही तुझ्याजवळच. मंगळसूत्र गळ्यात आणि बाकीचं सोनं लॉकरमध्ये बरं, न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घे, म्हणजे परत आणताना ड्युटीची कटकट नाही.

प्रश्न : भाचा दुबईला नोकरीला चाललाय, त्याला घरचा गोडा मसाला देऊ ना? – एक मावशी, सांगली

उत्तर : मावशी, मसाल्यात खसखस घालता का? घालत असाल तर अजिबात देऊ नका. यूएईत खसखशीवर बंदी आहे आणि चिमूटभर सापडली तरी पोरगं नोकरीऐवजी पोलीस चौकीत जाईल. बिनखसखशीचा वेगळा कुटून द्या, आणि फराळाच्या अनारशांवरही लक्ष ठेवा.