बाबांसाठी आश्रम पाहतोय, काय बघू?

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे, यवतमाळकडं खेड्यात एकटेच, मी पुण्यात. वृद्धाश्रम चांगला आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर : न सांगता जा, तेही जेवणाच्या टायमाला. ताटात काय आहे ते पाहाच, पण ज्याचा हात थरथरतो त्याला कोण भरवतं अन् किती घाईनं, ते जास्त पाहा. चकाचक फरशीला भुलू नका राजेहो, आमची मावशी होती तिथं फरशी आरशासारखी, पण सहाला सगळ्यांना एकदमच उठवायचे अन् दुसरा चहा मागितला की तोंड वाकडं. संडासात धरायला दांडी, मे महिन्यात चालणारा कूलर, रात्री हाक मारली तर येणारं माणूस, हे विचाराच. अन् बाबांनाच सोबत न्या ना, राहायचं त्यांना आहे. अडलंच तर १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन, फुकट आहे.